शाफ्टवरची पांढरी खूण

क्लच प्लेट बदलून गाडी घरी आली, त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "गाडी थरथरतेय."

कोणी मनावर घेतलं नाही. त्या वर्षी बाबांच्या हातातली बशी थरथरत होती, वर्तमानपत्र थरथरत होतं, आणि डॉक्टरांनी त्याला एक भारदस्त नाव देऊन गोळ्या सुरू केल्या होत्या. अशा माणसाने गाडीवर तोच आरोप करावा, हे आम्हाला जरा सोयीचंच वाटलं. कारण त्यांनी गाडी चालवणं थांबवावं असं घरात सगळ्यांच्या मनात होतं, फक्त तोंडाने म्हणायची हिंमत कोणाची नव्हती.

गाडी जुनी. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि दोघांच्या मध्ये पोटाखालून जाणारा लांब लोखंडी शाफ्ट. बाबांनी कोलशेतच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळला. त्या कारखान्याच्या जागी आता टॉवर आहेत आणि त्यांना इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे. तिथल्या रहिवाशांना ते गाव ठाऊक नाही आणि कारखानाही. आई गेल्यापासून बाबा दर रविवारी एकटे गाडी घेऊन डोंबिवलीला आपल्या बहिणीकडे जेवायला जात. आठवड्यात कोणाला न विचारता केलेली त्यांची तेवढीच एक गोष्ट होती.

"कधी थरथरते?" शेवटी मीच विचारलं.

"पन्नासच्या पुढे सुरू होते. साठला सगळ्यात जास्त. सत्तरला कमी."

"बाबा, तुमचे हात..."

"माझे हात चहा पितानाही हलतात. तेव्हा मी साठने जात नसतो."

खोपटला एसटी डेपोच्या मागे आमचा मेकॅनिक आहे. बाबांना तो काका म्हणतो, त्यांचा फार आदर करतो आणि त्यांचं अजिबात ऐकत नाही. त्याने आधी चाकांचं बॅलन्सिंग केलं. मग टायर मागचे पुढे, पुढचे मागे केले. मग इंजिनाखालचं रबरी माउंटिंग बदललं. प्रत्येक वेळी तो डेपोला एक फेरी मारून यायचा आणि म्हणायचा, "एकदम मख्खन, काका!" रिक्षा आणि एसटीच्या त्या गर्दीत आजवर कोणाची गाडी साठला पोचलेली नाही, हे त्याच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. तिसऱ्या खेपेला त्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, राग मानू नका. गाडीत काही नाहीये. काकांचं आता वय झालं."

मला हायसं वाटलं. लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं खरं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी बाबांसमोर करार ठेवला. "रविवारी मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. काही सापडलं नाही, तर किल्ली माझ्याकडे."

"आणि सापडलं तर?"

"तर तुमच्याकडे. मी पुन्हा विषय काढणार नाही."

रविवारी उजाडताना निघालो. रस्ता त्यांनी ठरवला. "शीळ रस्ता नको. काँक्रीटचे सांधे लागतात, गाडीचं काय नि रस्त्याचं काय कळत नाही. डांबर पाहिजे." म्हणून कोपरीचा पूल ओलांडून हायवेला लागलो. बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले.

"हे काय?"

"साक्षीदार फितूर झालेत. त्यांना बाहेर बसवलेलं बरं."

काटा पंचावन्नच्या पुढे गेला आणि ते आलं. खालच्या मजल्यावर कोणी मिक्सर लावावा आणि आपल्या फरशीला कळावं, तसं. 

"आलं?"

"हं."

"कुठे?"

"सीटखाली. मागून आल्यासारखं."

"स्टिअरिंगमध्ये?"

"नाही."

"म्हणजे पुढची चाकं निर्दोष सुटली. आता न्यूट्रल कर."

केलं. इंजिनाचा आवाज खाली बसला, गाडी नुसती वेगावर घरंगळत राहिली, आणि सीटखालची घरघर होती तशीच चालू.

"इंजिन सुटलं. क्लच सुटला. टायर मागेपुढे केले तरी फरक नाही, म्हणजे तेही सुटले." बाबा काचेतून समोर बघत होते. आवाजात जिंकल्याची खूण नव्हती. "उरला शाफ्ट. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवतात, तेव्हा तो काढावा लागतो."

सोमवारी गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली. मेकॅनिकचं तोंड फुगलेलं. बाबा खाली उतरले आणि टॉर्च घेऊन बराच वेळ शाफ्टकडे बघत राहिले. तो दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा दुसऱ्यात दात्यांवर सरकतो. एक-दोन दाते चुकले तरी तो बसतो, बोल्ट आवळले जातात, काही बिघडलं असं वाटत नाही. पण दोन्ही टोकांचे जॉइंट एका रेषेत येत नाहीत, आणि वेग आला की तो फिरताना हिसके देतो. म्हणून बाबांचा कारखान्यातला नियम घरीही होता. खूण केल्याशिवाय काही उघडायचं नाही. ते आपल्या पुस्तकांच्या कपाटाचे स्क्रूसुद्धा खूण करून काढत.

"इथे पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा होत्या," बाबा म्हणाले. "समोरासमोर. मी केलेल्या."

"काका, आईशप्पथ, मी खोलला तेव्हा काही नव्हतं. सगळं काळं कुळकुळीत. मी अंदाजाने लावला."

रेघा कुठे गेल्या ते मला ठाऊक होतं.

क्लच बदलायच्या आधी, दसऱ्याला आमच्या सोसायटीने 'सामूहिक वाहनपूजन सोहळा' केला होता. मांडव, व्यासपीठ, प्रमुख पाहुणे, उत्तम निगा राखलेल्या वाहनाला बक्षीस. पाहुणे वाहन आणि संस्कृती या विषयावर अर्धा तास बोलले. तेवढा वेळ त्यांचं स्वतःचं वाहन अग्निशमन दलासाठी राखलेल्या जागेत उभं होतं. अशा सोहळ्यांची मी घरी चांगलीच टिंगल करतो. तरी आठ दिवस आधी मी गाडी गुपचूप नेऊन तिचं पोट धुऊन घेतलं आणि त्यावर काळ्या रंगाचा जाड थर चढवला. सगळ्यांच्या नव्या गाड्यांच्या रांगेत आमची भंगार दिसू नये म्हणून. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा. तो घ्यायला मी व्यासपीठावर गेलो होतो, आणि हसलोही होतो.

"बाबा, खालून रंग मी मारून घेतलेला. दसऱ्याला."

त्यांनी टॉर्च बंद केला. "छान दिसत होती," म्हणाले. 

मेकॅनिकने शाफ्ट सोडवला आणि एकेक दाता फिरवत जॉइंट रेषेत आणले. मग पांढऱ्या रंगाची डबी उघडून ब्रश बाबांपुढे धरला. "काका, निशाण तुम्हीच करा." ती त्याची माफी होती. बाबांनी ब्रश टेकवला. रेघ निघाली नाही. घाईत केलेल्या सहीसारखं काहीतरी निघालं. त्यांनी ते फडक्याने पुसलं आणि ब्रश माझ्या हातात दिला. रेघा मी ओढल्या.

पुढच्या रविवारी किल्ली त्यांच्याकडे होती. डोंबिवलीला निघण्याआधी त्याच डांबरावर तपासायचं ठरलं. ते चालवत होते, मी शेजारी. पन्नास. पंचावन्न. साठ. सीट गप्प होती.

"गेलं, बाबा!"

 मी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्टिअरिंगकडे. ते किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे होत होतं, आणि गाडी त्याच्याबरोबर. हे आधीही होत असणार. आधी त्यात गाडीचंही काहीतरी मिसळलेलं होतं.

त्यांनी सिग्नल दिला, आरशात पाहिलं आणि गाडी सावकाश कडेला घेतली. हँडब्रेक ओढला.

"इंजिन सुटलं, चाकं सुटली, शाफ्ट सुटला," ते म्हणाले.

मला म्हणायचं होतं, करार करार आहे, गाडीत बिघाड सापडला, किल्ली तुमची. तोवर ते उतरले होते. बॉनेटवर हात टेकत, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले.

"सरक. ताई जेवायची थांबली असेल."

मी चालवायला बसलो. गाडी खरंच उत्तम चालत होती. कळव्याच्या पुलावरून पुढे डोंबिवलीपर्यंत त्यांनी हात मांड्यांखाली घेतले नाहीत. ते मांडीवर उघडे ठेवले होते, आणि बाबा खिडकीबाहेर बघत होते.