वाटणीतून राहिलेला महिना

आमच्या सटवाईवाडीला जावई लई. वाडी म्हणावी तर मूठभर, मिरजगाव सोडून आत कच्च्या रस्त्यानं धुरळा खात यावं तेव्हा दिसणारी. पण पोरी चांगल्या उफाड्याच्या, म्हणून पार राहुरीपासून जावई गोळा झालेले. ह्या सगळ्या जावयांत थोरला म्हणजे कारभारी. आता ऐंशीच्या घरातला, बाभळीच्या सोट्यासारखा, कानावर केसांचे झुपके आणि आवाज असा की विहिरीतल्या पारव्यांनी घरटं बदलावं.

कारभारी हे त्याचं पाळण्यातलं नाव, मान म्हणून लावलेलं नव्हे. त्यामुळं त्याच्या बायकोची, आमच्या वाडीच्या कडूबाईची, जन्मभराची पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून इतर बाया 'आमचं कारभारी' म्हणून मोकळ्या होतात. हिनं तसं म्हटलं की नावच घेतल्यासारखं. मग ती 'आवं' म्हणायची. नवरा लांब वावरात असला तर शेळीला मोठ्यानं शिव्या घालायची. शेळीनं काय केलं बघायला तो वळायचा, की हिचं काम झालं.

लग्नाच्या नव्या नवलाईत कारभारी सासुरवाडीला आला होता, तेव्हाची गोष्ट वाडीत अजून सांगतात. कडूबाईचा भाऊ तेव्हा पाळण्यात. सासऱ्याला वाटलं, जावई दांडगा आहे, हाताशी राहिला तर बरं. जेवताना तो म्हणाला, "पावनं, तुमी हितंच का ऱ्हात न्हाई? वावर हाय, हीर हाय, कसनारं कुनी न्हाई."

कारभारी ताटावरून उठला. तोंडातून अक्षर नाही. हातातली पुरणपोळी हातातच, आणि तसाच तरातरा रस्त्याला लागला. मागून कडूबाई गाठोडं घेऊन पळतेय. वेशीबाहेर गेल्यावर त्याला वाचा फुटली.

"घरजावई! मला! आगं, त्यापरीस मला गाढवाचं शेपूट लावलं असतं तरी चाललं असतं!"

त्या दिवशी त्यानं ठरवलं, सासुरवाडीच्या छपराखाली पाठ टेकायची नाही. आणि पाळलंही. लग्नाला यायचा, जत्रेला यायचा, जेवायचा, संध्याकाळच्या एसटीनं पारनेरकडं परत. एसटी चुकली तर मिरजगावच्या स्टँडावर पिशवी उशाला घेऊन झोपायचा, पण सासऱ्याच्या पडवीत नाही.

त्याचे दोन पोरगे, थोरला मच्छिंद्र आणि धाकटा कानिफनाथ. दोन वर्षांमागं दोघांची वाटणी झाली. वावर वाटलं, म्हशी वाटल्या, बांधावरच्या लिंबाच्या फांद्यासुद्धा वाटल्या. राहिली म्हातारा-म्हातारी. पंच म्हणाले, महिन्याची पाळी लावा, मराठी महिने धरा. चैत थोरल्याचा, वैशाख धाकट्याचा, जेठ थोरल्याचा, असं फिरत जायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला, पंच गेले. पण दर तिसऱ्या वर्षी तेरावा महिना येतो, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. पुस्तकात त्याला अधिक मास म्हणतात. आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो, आणि आमचंच खरं.

औंदा जेठ दोन आले. पहिला धोंड्याचा, दुसरा खरा. वैशाखाची आवस सरली आणि कानिफनाथाच्या बायकोनं म्हातारा-म्हातारीची वळकटी आपल्या वट्ट्यावर आणून ठेवली. दोघं वळकटी घेऊन बोळ ओलांडून मच्छिंद्राच्या दारात गेले.

मच्छिंद्र म्हणाला, "आबा, माझा निज जेठ हाय. ह्यो अधिक हाय. माझी पाळी म्होरल्या महिन्यात."

पलीकडून कानिफनाथ ओरडला, "माझा वैशाख कवाच सपला!"

"मंग ह्यो मधला कुनाचा?" कडूबाईनं विचारलं.

"पंचांनी वाटलाच न्हाई तर आमी काय करावं, आई?" मच्छिंद्र म्हणाला, आणि दोन्ही भाऊ बऱ्याच दिवसांनी एकमेकांशी एकमतानं बोलले.

बोळात वळकटी, वळकटीवर म्हातारी, म्हातारीवर ऊन. आणि कारभाऱ्याला एकदम हसू फुटलं. पोटातून वर आलेलं, आवरता न येणारं. कडूबाईला वाटलं, ऊन लागलं.

"आवं, झालं काय?"

"कडे, येडे, ह्यो महिना पोरांचा न्हाईच मुळी! धोंड्याचा महिना जावयाचा. ऊठ. जावई हाय मी!"

असा हा नवरदेव डोक्यावर वळकटी घेऊन एसटीत चढला. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पंच्याहत्तरीच्या पुढं तुमाला तिकीट न्हाई." कारभाऱ्यानं बायकोला कोपर मारलं. "बघ. सरकार बी मला जावईच समजतंय."

वाडीत आता कडूबाईचा भाचा सहादेव नांदतो. म्हणजे पाळण्यातल्या त्या भावाचा पोरगा. भाऊ गेला, सहादेव स्वतःच चाळिशीला टेकलाय. त्याची बायको मुक्ताबाई अंगण झाडत होती. दारात आत्या आणि मामा बघून तिचा झाडू हातातच राहिला.

"मुक्ते, जावई आलाय," कारभारी गरजला. "धोंडं कर!"

मुक्ताबाई हसत सुटली. सहादेव बाहेर आला, तोही हसला. मग दोघांची नजर वळकटीवर गेली. धोंड्याला येणारा जावई पिशवी आणतो. गोधड्या कुणी आणत नाही. कडूबाईनं खाली बसून सगळं सांगितलं, महिना कसा राहिला ते. मुक्ताबाईनं झाडू कोपऱ्यात ठेवला. आत जाऊन चुलीवर डाळ शिजत टाकली, पुरणाला.

जेवण झालं. धोंडे तूप लावून पोटात गेले. आता झोपायचं कुठं? कारभारी अडून बसला. "सासऱ्याच्या छपराखाली मी पडत नसतो."

"मामा, सासरा कवाच वर गेला!"

"छप्पर तर हितंच हाय न्हवं?"

अंगणात सहादेवाचा टेम्पो उभा होता, दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी कांदा भरलेला. कारभारी गोण्यांवर चढला, गोधडी अंथरली, वरून ताडपत्री घेतली. "ह्यो टेम्पो. टेम्पोला घर म्हनत न्हाईत." कडूबाई कपाळावर हात मारून आत गेली.

सहादेवाला वाटलं, म्हातारा रात्रीतून उठून आत आला असेल. पहाटे त्यानं टेम्पो काढला, गाणी लावली आणि थेट मिरजगाव गाठलं. बाजारात ताडपत्री ओढली तर गोणीवरून जावई उठून बसला, जांभई देत, डोक्याला कांद्याचा पापुद्रा.

बाजारात जी हसाहशी झाली! हमाल पोट धरून खाली बसले. एक व्यापारी जवळ आला, कारभाऱ्याला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "काय हो, ह्यो माल कुनाचा?"

कारभाऱ्यानं डोक्याचा पापुद्रा काढून खाली टाकला. बोळातला तोच सवाल बाजारात त्याच्यापुढं आला होता.

सहादेव गोणी उतरवता उतरवता म्हणाला, "आमचा हाय. इकायचा न्हाई."

परत येताना म्हातारा पुढं केबिनमध्ये बसला आणि सगळ्या वाटेनं गाण्याच्या तालावर टपावर बोटं वाजवत आला.

वाडीत बातमी पसरली तशी मजा झाली. आमच्यात पोर एकाची असली तरी जावई गावचा. आज ह्या घरी, उद्या त्या घरी, कारभाऱ्याला आवतणं सुरू झाली. प्रत्येक घरी पुरणाचे धोंडे, अनारसे, टॉवेल आणि टोपी. टोप्यांची चळत इतकी झाली की कडूबाई त्यात मिरच्या ठेवायला लागली. ज्यांचे नवे जावई आले होते, मोटारसायकलवाले, जीनवाले, त्यांच्या पंगतीतही पाट पहिला कारभाऱ्याचा. तो त्या पोरांना शिकवायचा, "सासूनं वाढलं की आधी न्हाई म्हनायचं. मंग 'उगं वाईच' म्हनायचं. मंग वाटी म्होरं करायची." रोजच्या पुरणानं त्याचा लेंगा नाडीत बसेना. झोप मात्र टेम्पोतच. सहादेव आता बाजाराला निघताना आधी ताडपत्रीवर थाप मारून बघायचा.

एक दिवस सायमन मास्तर आला. शाळेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झालेला, चर्चशेजारी राहणारा. काखेत लाल तुऱ्याचा कोंबडा.

"दाजी, आमच्यात धोंडा नसतोय. पन जावई तर आमचा बी हाय."

कारभाऱ्याच्या डोळ्यांत पाणी, तोंडातही. त्यानं कडूबाईकडं बघितलं.

"अधिकात कोंबडं? शेन घाला तोंडात!" कडूबाई म्हणाली.

"ठिवतो मग," मास्तर म्हणाला. "अधिक सरला की कापू."

कोंबडा टेम्पोच्या चाकाला बांधला गेला. तो आणि कारभारी सकाळी एकाच वेळी उठायचे आणि एकमेकांकडं जरा संशयानं बघायचे.

अधिक सरला. निज जेठाच्या पहिल्या सकाळी मच्छिंद्र आणि कानिफनाथ एका मोटारसायकलवर वाडीत हजर. पाळी होती थोरल्याची, धाकटा आला होता तो लाजेनं, कारण नगरच्या बाजारात लोक त्याला हटकून विचारायचे, "तुझा बाप सासुरवाडीला नांदायला गेला म्हन!" अंगणात अर्धी वाडी गोळा झाली.

"चला आबा," मच्छिंद्र म्हणाला. "आजपासनं माझा जेठ."

"आन म्होरला आखाड ह्याचा," कारभारी म्हणाला. "आन तीन वरसानी?"

मच्छिंद्र चिडला. "मंग काय, घरजावई हुनार? ह्या वयात? गावात तोंड दावायला जागा ऱ्हाईल का?"

तो शब्द नेमका बसला. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. महिनाभर टोप्या उडवत फिरणारा गडी एकदम ऐंशी वर्षांचा दिसायला लागला. सगळ्यांना दिसत होतं, हा आता उठणार, वळकटी उचलणार आणि त्या बोळात परत जाणार, महिना महिना उंबरे मोजायला.

"घरजावयाला ठिवून घेनारा सासरा लागतो," तो पुटपुटला. "माझा सासरा गेला."

"आज्यानं इच्यारलं हुतं न्हवं?" सहादेव म्हणाला. "मंग तुमी जबाब काय दिला?"

"मी उठून गेल्तो."

"ते ठावं हाय. जबाब काय दिला?"

कारभारी गोंधळला. कडूबाईकडं वळला. "कडे, मी न्हाई म्हनलो हुतो का गं?"

"न्हाई," कडूबाई म्हणाली. "तुमी काय बी म्हनला न्हाई. नुसती पोळी घिऊन गेला."

"म्हंजी इच्यारनं अजून उभंच हाय," सहादेव म्हणाला.

कारभाऱ्यानं मांडीवर थाप मारली. मग बोळातलं ते हसू परत आलं, तसंच पोटातून, गदागदा. कोंबडासुद्धा दचकला.

"मंग आता सांगतो. व्हय!"

वाडीनं असा गिल्ला केला की मोटारसायकल आडवी झाली. पोरांची तोंडं उन्हात वाळल्या वांग्यासारखी. कानिफनाथ हळूच म्हणाला, "मंग आमी काय करायचं, आबा?"

"पाळी लावू की! चैताला मच्छिंदरानं यायचं भेटाया, वैशाखाला तू. आसं फिरत ऱ्हायचं. आन अधिकात कुनी येऊ नका. अधिकात आमाला लई आवतनी असत्यात."

मुक्ताबाईनं उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि दार अडवून उभी राहिली. "आत्या, नाव घेतल्याबिगार आत सोडायची न्हाई. नवं जोडपं हाय."

"आगं, मी कदी घेटलं न्हाई!"

बाया ऐकेनात. कडूबाईनं पदर तोंडात धरला, लाजली, हसली, आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्या वाडीदेखत म्हणाली,

"चैत थोरल्याचा, वैशाख धाकल्याचा, धोंड्याला न्हाई वाली;
कारभारीरावांचं नाव घेते, आना वळकटी टेम्पोतनं खाली!"

वळकटी दोन्ही पोरांनीच उतरवली. मच्छिंद्रानं एका टोकाला धरलं, कानिफनाथानं दुसऱ्या, आणि दोघं वाकून बापाच्या सासऱ्याच्या छपराखाली घेऊन गेले. मागून सायमन मास्तर कोंबड्याची दोरी सोडायला लागला.