एक बोट बाहेर

"एकच पायजे सर. लई न्हाई," असं तो म्हणायचा आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वर धरायचा. कॅन्टीनवाल्याला सुरुवातीला वाटायचं, चहा मागतोय. तो एक कप आणून ठेवायचा, आणि हाही वाद न घालता पिऊन टाकायचा.

त्याला हवा होता टेनिसचा एक पॉइंट. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची एक जागतिक यादी असते. त्यात नाव लागायला निदान एक पॉइंट लागतो, आणि तो मुख्य स्पर्धेतला पहिला सामना जिंकल्यावर मिळतो. मुख्य स्पर्धेत शिरायचं तर आधी तीन पात्रता सामने जिंकावे लागतात. हे त्यानेच मला फळ्यावर काढून समजावलं होतं. मी अंबाजोगाईच्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवतो, मला खेळातलं काही कळत नाही. तो पीटी शिकवायचा.

घर नांदूरघाटकडचं, मेंढरं राखणारं. नववीत सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी त्याची निवड झाली. "पळायसाठी गेलतो सर," तो सांगायचा, "पण पळणारे लई झालते. माझ्या हातात रॅकेट दिली."

शाळेच्या मागे त्याने स्वतः एक कोर्ट केलं होतं. मुरूम टाकला, शेण कालवलं, रोलर फिरवला. उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, तेव्हा मुलांच्या हात धुण्याच्या टाकीखाली तो बादल्या लावायचा आणि ते पाणी कोर्टावर शिंपडायचा. संध्याकाळी मी पलीकडून चेंडू टाकायचो, तो मारायचा. चेंडूचा ठसा मातीत उमटला की लगेच बुटाच्या तळव्याने पुसून सपाट करायचा. ठसे राहिले की चेंडू वेडावाकडा उडतो म्हणे. बोलता बोलता आपण अंगावरची माशी हाकलतो ना, तसा त्याचा पाय फिरायचा.

वर्षातून तीन-चारदा तो स्पर्धेला जायचा. मुख्याध्यापक विचारायचे, "किती दिवस?"

"हरलो तर दोन, जिंकलो तर आठ."

मुख्याध्यापक दोन दिवसांची रजा मंजूर करायचे. अकरा वर्षांत त्यांचा हिशेब कधी चुकला नाही. स्टाफरूममध्ये आम्ही हसायचो, तोही हसायचा.

मग तो चौतिसाचा झाला आणि गुडघा सुजायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, फार तर एक हिवाळा. तेव्हापासून त्याचं हसणं गेलं. डबा उघडून नुसता बसायचा. एकदा म्हणाला, "सर, झोप येत न्हाई. आता जमलं न्हाई तर एवढी वर्षं मी काय केलं म्हणायचं?" मी म्हणालो, इतकी पोरं घडवलीस की. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य मी गिळलं.

शेवटची स्पर्धा पुण्याकडच्या एका क्लबात होती, दिवाळीच्या सुट्टीत. मी सोबत गेलो. कोर्ट लाल मातीचं. पहिला पात्रता सामना तो जिंकला. दुसऱ्यात समोरच्याचा खांदा दुखावला आणि त्याने सामना सोडला. तिसरा हा जिंकला तेव्हा मी बाकावरून उतरून त्याला शोधायला गेलो, तर हा भिंतीला कपाळ लावून उभा.

मुख्य स्पर्धेत समोर एकोणीस-वीस वर्षांचा परदेशी पोरगा आला. तुम्ही तिथे असतात तर पहिल्या दहा मिनिटांत तुम्हीही आशा सोडली असतीत. पण ह्याने पहिला सेट घालवून दुसरा घेतला आणि तिसऱ्यात पाच-चारने पुढे आला. सर्व्हिस ह्याची, आणि जिंकायला एकच गुण बाकी. गुडघ्याला पट्टा, पाय ओढत चाललेला. चेंडू बराच वेळ इकडून तिकडे गेला. शेवटी त्या पोराने ह्याच्या डावीकडच्या रेषेच्या दिशेने जोरात मारला. चेंडू पडला आणि उंच खुर्चीतून पंच म्हणाले, "आऊट."

तो जिंकला होता. मी उभाच राहिलो. त्याने बाकांकडे पाहून मला शोधलं आणि एक बोट वर केलं. पलीकडे तो पोरगा हात हलवून ठसा तपासा म्हणत होता, पंच खुर्चीवरून उतरत होते. ह्याला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, बोट वर होतं, आणि खाली त्याचा पाय फिरला. ठसा पुसला गेला.

पंच येऊन काहीतरी बोलले. ह्याने हात जोडले, पुन्हा जोडले. पंचांनी नकारार्थी मान हलवली. माझ्या शेजारचे गृहस्थ टाळ्या वाजवत उठले. "याला म्हणतात खेळाडू. आपल्या बाजूचा ठसा स्वतः पुसला, म्हणजे गुण सोडून दिला. नियमच आहे तसा." सगळे टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता फोटो काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला: 'आपल्या सरांनी जिंकलेला सामना प्रामाणिकपणे सोडला.'

तो गेम गेला, पुढचे दोनही गेले, सामनाही गेला.

क्लबाच्या मागे नळाखाली पाय धरून तो बसला होता. मी म्हणालो, "मोठं काम केलंस."

"चेंडू बाहेर व्हता सर."

मला कळेना.

"एक बोट बाहेर. ठसा बघितलाय मी. जिंकलो म्हणून इकडं बघितलं अन् पाय गेला." मग म्हणाला, "नियम ठावं हाय मला. पोरांना शिकवतो. कावून पुसला मी, सर?"

नळ वाहत होता. थेंब थेंब जपणारा हा माणूस, पण नळ बंद करायला त्याचा हात उठला नाही. शेवटी मीच केला.

परतीच्या बसमध्ये फोन पाहिला तेव्हा माझा मेसेज गावभर झाला होता. मी दुरुस्ती लिहायला घेतली. 'चुकून पुसला' असे शब्द लिहिले आणि ते वाचून वाटलं, हे तर त्याला आणखी लहान करणं झालं. मी ते पाठवलं नाही. आजही मला वाटतं, पाठवायला हवं होतं.

सुट्टीनंतर शाळेत सत्कार झाला. संस्थेच्या अध्यक्षांनी शाल घातली, मुलांना प्रामाणिकपणाबद्दल सांगितलं. याच्या हातात माइक दिला. तो म्हणाला, "चेंडू बाहेर व्हता. माझ्याकडून चुकून पुसला गेला." अध्यक्ष लगेच म्हणाले, "बघा, विनयसुद्धा किती." टाळ्या थांबेनात. मी पहिल्या रांगेत होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, आता तरी बोला म्हणून. मी खाली पाहिलं.

त्यानंतर तो कोर्टावर गेला नाही. जूनमध्ये अर्ज करून संस्थेच्या केज तालुक्यातल्या शाळेत बदली घेतली. फोन लागायचा, तो उचलायचा नाही.

या फेब्रुवारीत बीडहून परतताना तो मला एसटीत दिसला. दोन बाकं पुढे, खिडकीशी, मांडीवर पिशवी. कंडक्टरकडे त्याने केजचं तिकीट मागितलं, त्या आवाजावरून ओळखला. उठून जावं की नाही, असा विचार मी करत होतो. तेवढ्यात त्याच्या शेजारचा माणूस वळून त्याला निरखायला लागला.

"तुमी तेच ना, टेनिसवाले मास्तर? फोटो आलता तुमचा. खरं बोलणारे."

"न्हाई," तो म्हणाला. "ते दुसरे."

"आवं, तेच की तुमी. आमच्या पोराला दाखवला म्या फोटो."

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. नेकनूरला गाडी थांबली तसा पिशवी घेऊन उतरला. कंडक्टर दारातून ओरडला, "मास्तर, केज अजून लांब हाय." त्याने मागे पाहिलं नाही. गाडी सुटली तेव्हा तो स्टँडच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता, पुढच्या गाडीची वाट बघत असल्यासारखा.