अजगराची पेटी

नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती पाळलेला अजगर घेऊन. नसता उद्योग! परदेशी जात, त्याला ऊब हवी आणि दमट हवाही. काचेच्या पेटीत तिने ओलं शेवाळ पसरलं, उबेचा दिवा मात्र एकाच कोपऱ्यावर लावला.

"अगं, अर्धी पेटी गारच राहिली की!"

"राहू दे, आजी. उकडलं की तो तिकडे सरकतो. त्याचं त्याला कळतं."

माझ्या बाळंतपणात खाटेखाली शेगडी होती आणि दारं-खिडक्या बंद. उकडतंय म्हटलं तर सासू म्हणाली, "सोस. आम्हीही सोसलंय." मलाही कळत होतं, पण विचारतो कोण?

नातीसाठी शेगडी घासून ठेवली आहे. खाट मात्र आज खिडकीशी ओढली. पडल्यापडल्या तिचा हात कडीला पोचतो.