बाभळीची काडी आणि मुलीकडचा रुसवा

आमच्या खानदानात मुलीकडचा असून भर लग्नात रुसलेला माणूस आजवर एकच झाला. तो मी. आणि खरं सांगायचं तर मी रुसलोच नव्हतो!

धाकट्या बहिणीचं, सुषमाचं, लग्न देगलूरच्या मंगल कार्यालयात होतं. वऱ्हाड उदगीरकडचं, आदल्या संध्याकाळीच उतरलेलं. वऱ्हाडाला काही कमी पडू द्यायचं नाही, हे काम नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माझ्यावर टाकलं होतं. म्हणून सकाळी मी खोल्याखोल्यांतून नवे ब्रश आणि पेस्ट वाटत फिरत होतो. (कल्पना माझीच. मला तिचा फार अभिमान होता.) नवरदेवाच्या आजोबांनी, आबांनी, तो ब्रश उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला.

"ह्यानं आमच्याकडं बूट पुसत्यात. हितं बाभूळ हाय का कुठं?"

कार्यालयामागे नाल्याच्या कडेला होती. आबांनी दोन काड्या मोडल्या, काटे काढले आणि एक माझ्यापुढे धरली.

"घ्या पाव्हणं. का तुमी नांदेडवाले निस्ते पेस्टवाले?"

इथे 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मुलाकडच्या सगळ्यात मोठ्या माणसाला नाराज कसं करायचं?

"छे हो आबा! आपलं तर रोजचंच हाय. काडीबिगर आपल्याला चहाच गोड लागत न्हाई!"

आबा खूश झाले. (उरलेल्या पेस्टच्या ट्यूबा तेव्हा माझ्या खिशातच होत्या.)

रीत अशी की काडीचं टोक हळूहळू चावून त्याचा कुंचा करायचा, दात घासायचे आणि मग काडी उभी चिरून जीभ खरवडायची. आबा ते सगळं गप्पा मारत, निवांत करत होते. मी मात्र रोजचा माणूस! ऊस खावा तशी काडी दाढेखाली धरली आणि करकचून चावली. कट्‌ असा आवाज झाला आणि काडीचा एक कपचा दोन दाढांच्या मध्ये असा रुतला की कळ थेट कानात गेली.

"काय झालं पाव्हणं?"

"उं," मी म्हणालो.

तोंड उघडवत नव्हतं. आणि उघडून सांगणार तरी काय? रोज करणाऱ्याच्या दाढेत काडी अडकते होय?

मी गप्प राहायचं ठरवलं. चहा आला, मी मान हलवली. पोहे आले, मी तोंड फिरवलं. नवरदेवाच्या काकांनी काहीतरी विचारलं, तेव्हा मी नुसता गालावर हात ठेवून भिंतीकडे बघत बसलो. झालं! नवरीचा भाऊ रुसला, ही बातमी हळदीच्या आधी सगळ्या मांडवाला लागली.

नाना धावत आले. "कामून रे? काय पायजे तुला?"

"उं उं."

"आरं, रुसायचं काम त्येंचं हाय! आपण पोरीकडचे! तू कामून रुसून राहिलास?"

तिकडे मुलाकडच्यांची बैठक बसली. कुणी म्हणालं, कानपिळीला नुसता टॉवेल-टोपी ठरलाय, त्याचा राग असेल. काका तडकले. "खामखा नखरे! पोरीकडचे आत्ताच आसे, तर पुढं काय? गाड्या काढा, वापस जाऊ!"

आता मी खरोखर घाबरलो. सुषमा हळदीच्या अंगानं माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दादा, लगीन मोडलं ना, तर जल्मभर तुझ्याच घरी राहीन बघ!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण निम्मं दाढेचं.

शेवटी आबाच उठले. एका हातात बुंदीचा लाडू, दुसऱ्या हातात स्वतःच्या बोटातली अंगठी.

"पाव्हणं, पोरांचं चुकलं आसंल. राग थुका अन् तोंड गोड करा."

आणि रीतीप्रमाणे त्यांनी तो अख्खा लाडू माझ्या तोंडात कोंबला! मी कळवळून दात आवळले. लाडवाच्या दणक्यानं कपचा सुटला आणि जाताना नांदेडच्या डॉक्टरांनी बसवलेली दाढेची टोपीही सोबत घेऊन गेला. मी रुमाल तोंडाला लावून दोघांनाही त्यात घेतलं. इतकं हलकं वाटलं की मला हसूच फुटलं.

"हसला! पाव्हणा हसला!"

बँड सुरू झाला. लग्न वेळेवर लागलं. मी आबांनी दिलेली अंगठी घातलेल्या हातानं नवरदेवाचा कान पिळला, आणि नाना माझ्याकडे 'पोरगं हुशार निघालं' अशा नजरेनं बघत राहिले.

तेव्हापासून सुषमाच्या सासरचं कुणीही नांदेडला आलं की आबा आठवणीनं बाभळीच्या काड्यांची जुडी धाडतात. निरोप ठरलेला, "पाव्हण्याला शहरात मिळत न्हाई, चहा गोड लागत नसंल." बायकोनं त्या काड्या बाल्कनीतल्या टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावल्यात. रोपं झकास वाढलीत.

ती मंडळी मुक्कामाला असली की मी बाथरूमला कडी लावतो, नळ मोठा सोडतो आणि चोरून ब्रश करतो. बाहेर येताना मात्र एक काडी तोंडात धरून येतो. चावत नाही!