जाळीच्या दाराअलीकडे

बाळ रांगायला शिकलं ते कुत्र्याच्या मागे. शेपटीचं टोक मुठीत पकडायचं, एवढंच त्याला हवं असायचं. तो लबाड, शेपटी हातभर पुढे सरकवून पुन्हा बसायचा. पहिलीतली माझी मुलगी टाळ्या पिटायची. मदन महाल भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात त्या उन्हाळ्यात सगळ्यात शहाणं कोण असेल तर तोच, असं मिस्टर म्हणायचे. बाळ रडलं की तो स्वयंपाकघरात येऊन माझ्या ओढणीला तोंड लावायचा, चल म्हणून.

मुलगी दोन वर्षांची असताना तो घरी आला, इतका लहान की मी त्याला चमच्याने दूध पाजायची. नाव तिनेच ठेवलं. ते इथे लिहायला माझा हात धजत नाही.

पावसाळ्यात मागच्या अंगणात पाणी तुंबलं. नालीतून उंदीर वर यायचे, तो त्यांच्यामागे धावायचा, आणि तहान लागली की तेच पाणी प्यायचा. आम्ही हसायचो. मग एका सकाळी त्याने मुलीच्या हातची पोळी खाल्ली नाही. तिचं मन राखावं तशी तोंडात धरली आणि हळूच खाली ठेवली.

"पोट बिघडलं असेल," म्हणून मिस्टर फॅक्टरीत गेले. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी मी त्याचे डोळे पुसायला बसले, तर बुबुळांभोवतीचं पांढरं हळदीसारखं पिवळं झालेलं.

गोरखपूर बाजाराजवळ जनावरांच्या डॉक्टर बसतात. त्यांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या, रक्त घेतलं आणि विचारलं, "वैक्सीन का कार्ड लाई हैं?"

कार्ड होतं. शेवटची नोंद जवळजवळ तीन वर्षांपूर्वीची.

"ये हर साल लगता है," त्या म्हणाल्या. रागावून नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. उंदरांच्या लघवीतून होणारा आजार होता. लिव्हर आणि किडनी दोन्हींवर परिणाम झाला होता. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "घर में छोटे बच्चे हैं?"

"मुलगी सहा वर्षांची. मुलगा आठ महिन्यांचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बच्चों को इससे बिलकुल दूर रखिए. उन्हें भी हो सकता है. आप दूध पिलाती हैं ना? फिर आप भी हाथ मत लगाइए."

बाळाच्या प्रत्येक लसीची तारीख मी फ्रिजवर चिकटवलेली होती. एकही चुकली नाही. मुलीचीही नाही. त्याची मात्र एक राहिली तेव्हा मुलीची शाळा सुरू होत होती, दुसरी राहिली तेव्हा बाळ पोटात होतं. 'पुढच्या महिन्यात नेऊ' हे माझंच वाक्य.

घरामागच्या पडवीला जाळीचं दार आहे. तिथे जुन्या चादरीवर त्याला ठेवलं. मिस्टरांनी सुट्टी घेतली. रबरी हातमोजे घालून ते त्याला सलाईन लावायचे, त्याची घाण पुसायचे, फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायचे, मग अंघोळ करून घरात यायचे. मी दाराच्या अलीकडून फक्त बघायची. मुलीसाठी दारापासून चार हातांवर खडूने रेघ मारून ठेवली.

चप्पल फाडल्यावर आम्ही ओरडलो की तो कान पाडून, मान खाली घालून भिंतीशी बसायचा. पडवीत तो तसाच बसला होता.

"आई, त्याला काहून बंद करून ठेवलं? उसने क्या किया?" मुलीने विचारलं.

"काही नाही केलं त्याने. आजारी आहे तो."

"मग त्याला सांग ना! त्याला वाटून राहिलं आपण कट्टी केली."

मी हाक मारली. म्हटलं, अरे, तुझं काही चुकलं नाही रे राजा. आवाज ऐकून त्याची शेपटी एकदा हलली. पाय थरथरत असताना तो उठला, दारापर्यंत आला आणि नाक जाळीला लावलं. बाळ माझ्या कडेवर होतं. मी दोन पावलं मागे सरकले.

ते त्याने पाहिलं. थोडा वेळ थांबला, आणि वळून भिंतीशी जाऊन पडला.

शाळेतून आली की मुलगी रेघेअलीकडे बसून त्याला हिंदीचं पुस्तक वाचून दाखवायची, आणि तो हलला नाही की आणखी मोठ्याने. बाळ रांगत रेघेकडे निघायचं. मी पाय धरून मागे ओढायची, ते भोकाड पसरायचं, आणि आत तो मान उचलायचा. पाचव्या दिवशी बाळ रडलं तेव्हा त्याचे नुसते कान हलले.

सहाव्या दिवशी लघवी पूर्ण बंद झाली. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "अब सिर्फ तकलीफ बची है." दुपारी घरी येऊन इंजेक्शन द्यायचं ठरलं.

"ती शाळेतून यायच्या आत होऊन जाऊ दे," मिस्टर म्हणाले.

"नको. ती भेटेल त्याला. आणि मी आत जाणार आहे."

"अगं, बाळाला पाजतेस तू."

"दोन-दोन हातमोजे घालीन. पण जाणार."

मग मिस्टरांनीच हातमोज्यांची नवी जोडी आणून दिली.

बाळाला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. मुलीला खरं ते सांगितलं: आज तो जाणार, त्याला दुखणार नाही. ती रेघेवर बोटं टेकवून बसली. मी जाळीचं दार उघडून आत गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याजवळ बसले. त्याने मान उचलून माझ्या मांडीवर ठेवली. रबरातून त्याचे केस कळत नव्हते, नुसती ऊब कळत होती. मी सांगत राहिले, आले रे, आले मी.

बाहेरून मुलगी म्हणाली, "कट्टी नाही रे. बट्टी आहे आपली. पक्की बट्टी."

डॉक्टरांनी सुई दिली. फार वेळ लागला नाही.

मझौलीच्या रस्त्याला मिस्टरांच्या मित्राचं शेत आहे, तिथे चुना घालून त्याला पुरलं. परत आल्यावर ते बराच वेळ न्हाणीघरातून बाहेर आले नाहीत. मुलांच्या रक्ताच्या तपासण्या ठीक निघाल्या. सगळे म्हणाले, चलो, बच्चे बच गए.

आठवड्याने मुलीने विचारलं, "त्याला कसं झालं ते?"

उंदरांमुळे, एवढं म्हणून भागलं असतं.

"दरवर्षी त्याला एक सुई द्यायची असते. मी विसरले."

"बाळाची नाही विसरली?"

"नाही."

"माझी?"

"नाही."

ती उठून गेली. दुसऱ्या सकाळी कंगवा घेऊन माझ्याऐवजी बाबांसमोर बसली. त्यानंतर बरेच दिवस तिची वेणी तेच घालत होते. त्यांना भांग सरळ पाडता येत नाही. ती ऑटोत बसून शाळेला जायची, आणि मी बाळाला घेऊन फाटकात उभी राहून तो वाकडा भांग दूर जाताना बघायची. घालून देऊ का, असं विचारायची हिंमत मला झाली नाही.