थांबावं असं कोणाला वाटतं?

नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी, मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता, आमच्या कचेरीत एका टेस्टर बाईवर अन्याय झाला. मी तिथेच बसले होते.

अलिबागेतली दहा-बारा जणांची कंपनी. मच्छीमारांना वादळवाऱ्याचा इशारा देणारं ॲप आम्ही करत होतो. समुद्राला नारळ वाहिला की होड्या निघणार, त्याआधी ते द्यायचं ठरलेलं.

बॉसला केबिन नव्हती. स्वतःचा कप स्वतः विसळायचा. सगळ्यांनी त्याला नावाने, अरे-तुरे करायचं, हा त्याचाच नियम. कोळीवाड्यातून येणाऱ्या या बाईला ते कधी जमलं नाही, ती दादाच म्हणायची.

तिने ॲप टाकलेला एक फोन भावाबरोबर खाडीच्या तोंडाशी पाठवून पाहिला होता. रेंज तुटली की इशारा चाळीस मिनिटं उशिरा येई. दोनदा तसंच झालं. बॉस आवाज न चढवता म्हणाला की दोष नेटवर्कचा आहे, आपला नाही. आत्ता चाचणीत पास लिही, पुढे सुधारू. शेजारचा डेव्हलपर हसला. "ताई, तुला वारा कळतो, सर्व्हर नाही."

"न्हाय कळत सर्व्हर," ती म्हणाली. "पन दादा, होडीवर माझा भाव हाय. मी पास न्हाय लिवनार."

मग बॉसने नेहमीसारखं सगळ्यांना विचारलं. थांबावं असं ज्याला वाटतं त्याने हात वर करायचा. एकच हात वर झाला, तिचा. कॉलेजात मोर्चांची पत्रकं लिहिणारी मी चहा पीत राहिले. साखर जास्त झाली होती, एवढं आठवतं.

गुरुवारी तिचं टीमशी जुळत नाही, तिने जावं, असं ठरलं. तेही सर्वानुमते. बॉसने तिला स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं. तिची टेस्ट माझ्याकडे आली. मी पास लिहिलं. काही वाटलं नाही. अजून वाटत नाही.

ओरडणारा साहेब असता तर मी भांडले असते. हा प्रत्येक पाप आमच्याकडून मंजूर करून घेतो, आणि आम्ही त्याला चांगला माणूस म्हणतो.

ॲप आता मुरुडपर्यंतच्या होड्यांवर आहे. तुमच्या होडीवर असेल तर त्यावर विसंबू नका. वारा कधी सुटला, इशारा कधी आला, दोन्ही वेळा लिहा आणि कचेरीत या. बॉसकडे जाऊ नका, तो चहा पाजेल. माझ्या टेबलाशी या आणि सगळ्यांसमोर विचारा, पास का लिहिलंस?