न वाचलेलं उत्तर

मी कायद्याच्या कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र शिकवतो. माणूस गुन्हा का करतो याचे सिद्धांत वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून मला त्यांचा वीट आला आहे. कोणी कवटीच्या आकाराला दोष देतो, कोणी गरिबीला, कोणी वाईट संगतीला. आमच्या नोट्समध्ये गुन्हेगार नेहमी दुसऱ्या वस्तीतला असतो. त्यामुळे शिकवताना स्टाफरूममधल्या कोणालाच घाम फुटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्हाला पेपर तपासायला एका हॉलमध्ये बसवलं होतं. उत्तरपत्रिकांवर नावं नसतात, नुसते कोड. ठरलेले गठ्ठे संपवले की घरी जायला मोकळे. शेवटच्या दिवशी हडपसरला माझ्या घरी पाहुणे यायचे होते. शेजारचे सहकारी बाकरवडी खात, तेलकट बोटांनी पानं उलटत गुण टाकत होते.

"अहो, वाचत काय बसलात? मुद्दे अधोरेखित आहेत का बघा आणि पुढे चला. सगळेच असं करतात," ते म्हणाले.

मला त्यांची किळस आली. अर्ध्या तासाने मीही तेच करत होतो. नमुना उत्तरात सहा मुद्दे होते. एका उत्तरात एकही सुटा मुद्दा दिसला नाही, म्हणून वीसपैकी तीन गुण देऊन मी पान उलटलं.

निकालानंतर शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. राहायला विश्रांतवाडीला, वर्गात गप्प बसणारी. हाच एक पेपर चार गुणांनी राहिला होता आणि त्यापायी वकिलीची सनद अडली होती. एका वकीलबाईंनी तिला ऑफिसात घ्यायचं कबूल केलं होतं, पण सनद हातात असेल तरच. फेरतपासणीच्या अर्जावर आमच्याकडे विषयशिक्षकाचा शेरा लागतो. ती उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊन आली होती.

"सर, चौथ्या प्रश्नाला तीनच दिलेत. एकदा बघता का?"

तो तीनचा आकडा माझा होता. तीनची शेपटी लांब ओढायची माझी सवय माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. परीक्षकाची सही प्रतीवर झाकलेली होती, त्यामुळे तिला काहीच कळलं नव्हतं.

मग मी ते उत्तर पहिल्यांदा वाचलं. तिचे वडील एका धान्याच्या दुकानात मापाला होते. मालक सज्जन, शिकलेला, शब्दाला गोड, आणि काटा मारणारा. ना गरिबी, ना वाईट संगत. तिने लिहिलं होतं, अशा माणसाला चोरी करण्याआधी मनाशी म्हणायला एक वाक्य लागतं, 'सगळेच करतात'. पुढे पुढे तेही लागत नाही. कुठला सिद्धांत इथे लागू पडतो आणि कुठला अपुरा पडतो, हेही तिने नीट मांडलं होतं. सोळा गुणांचं उत्तर होतं. डोळे मिटून सोळा.

पण मी तसा शेरा लिहिला असता तर एवढा फरक कसा, म्हणून मूळ परीक्षकाला नोटीस गेली असती. म्हणजे मला. पुढच्या परीक्षेला मी मुख्य परीक्षक होणार होतो.

"विचार चांगला आहे," मी म्हणालो, "पण मुद्देसूद नाही. परीक्षकाची चूक म्हणता येणार नाही."

आणि अर्जावर लिहिलं: दिलेले गुण योग्य. ती शेपटी दिसू नये म्हणून आकडा लिहायचं मी टाळलं. तेवढं भान होतं मला, नालायकाला!

तिने शेरा दोनदा वाचला.

"मग नाही देत अर्ज, सर. तुम्हीच योग्य म्हणताय तर काय उपयोग? वकीलबाईंना कळवते, दुसरं कोणी बघा म्हणून." तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. "ज्यांनी तपासलं त्यांनी वाचलंच नसणार, असं मला वाटत होतं. तुम्ही तरी शेवटपर्यंत वाचलंत."

ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत. ती दाराकडे निघाली. स्टाफरूम लांबलचक आहे, हाक मारायला पुष्कळ वेळ होता. मी मारली नाही.